दोष कवचाचा नाही

प्रस्तावना

पेणच्या काकूंनी केळवणात आत्याच्या पानात वांग्याची भाजी वाढताना आवर्जून सांगितलं होतं, "वन्सं, सोडे सगळे वेचून काढलेत हो. नुसती वांगी वाढतेय तुम्हाला." सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि आत्याला कोळंबीचं वावडं आहे हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती स्वतः फार कुरकूर करणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे काकूंनी एवढी काळजी घेतल्यावर नको म्हणणं तिला बरं वाटेना. दुसऱ्यांदा वाढलेली भाजी संपायच्या आत तिच्या ओठांना मुंग्या आल्या, तळवे खाजू लागले, मानेवर गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला. जवळच दवाखाना होता म्हणून निभावलं. काकू रडत सगळ्यांना सांगत होत्या, "एकही सोडा नव्हता हो तिच्या पानात!"

ते खरंच होतं. पानात सोडा नव्हता. सोड्यांमधलं जे बाधायचं, ते शिजताना रश्श्यात उतरलं होतं आणि वांग्यांत मुरलं होतं.

पुढे एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, "आता मासळी पूर्ण बंद." आत्याने ते अक्षरशः पाळलं. पुढची अकरा वर्षं तिने पापलेट खाल्लं नाही, सुरमई खाल्ली नाही, पावसाळ्यात सुक्या बोंबलाकडे बघितलं नाही. यातल्या कशाचाही तिला कधी त्रास झाला नव्हता. स्वयंपाकघराला वाटलं, तुकडे काढले की वावडं निघून जातं. दवाखान्याला वाटलं, मासळी म्हणजे एकच वस्तू. या दोन समजुतींमधल्या जागेत हे पुस्तक उभं आहे.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. कोळणीच्या टोपलीत बांगडा, कोळंबी, चिंबोरी, माकूळ आणि तिसऱ्या शेजारी शेजारी असतात. सगळं म्हावरंच. समुद्रातून येतं, एकाच बाजारात विकलं जातं, त्याच मसाल्यात पडतं. पण शरीराची प्रतिकारयंत्रणा बाजाराची वर्गवारी मानत नाही. तिच्या हिशेबात बांगडा हा पाठीचा कणा असलेला प्राणी, म्हणजे बोकडाचा आणि आपला भाऊबंद. कोळंबी, खेकडा, शेवंड हे संधिपाद. त्यांचं सगळ्यात जवळचं नातं कुणाशी, तर कीटकांशी. गेल्या काही दशकांत जनुकांवरून जी वंशावळ मांडली गेली, तिच्यात कीटकांची फांदी कवचधाऱ्यांच्या, म्हणजे याच कोळंबी-खेकड्यांच्या, फांदीतूनच फुटलेली दिसते. म्हणजे मोरीतलं झुरळ आणि ताटातली कोळंबी ही बांगडा आणि कोळंबी यांच्यापेक्षा कितीतरी जवळची नातेवाईक. वाचणाऱ्याला किळस आली तर त्याला माझा इलाज नाही. तिसऱ्या, कालवं, शिंपल्या, माकूळ हे मृदुकाय प्राणी वेगळ्याच फांदीवर बसलेले आहेत.

माशांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना बहुतेक वेळा ज्या प्रथिनाचा त्रास होतो, त्याचं नाव पार्व्हाल्ब्युमिन. कोळंबी, खेकड्याच्या बाबतीत मुख्य आरोपी वेगळा आहे. त्याचं नाव ट्रोपोमायोसिन. आत्याचं पापलेट अकरा वर्षं बंद होतं ते या दोन नावांतला फरक कुणी तिला सांगितला नाही म्हणून.

ट्रोपोमायोसिन हे स्नायूतलं प्रथिन आहे, कवचातलं नव्हे. 'शेलफिश' या शब्दामुळे सगळा दोष कवचाकडे जातो, आणि कोळंबी नीट सोलली की झालं, असं मानणारे अनेक जण मला भेटले आहेत. १९४६ साली केंब्रिजमध्ये केनेथ बेली यांनी सशाच्या स्नायूतून हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं केलं. त्याची रचना दोन पदरी आहे. २८४ अमिनो आम्लांची एक लांब साखळी, तशीच दुसरी, आणि दोघींना एकमेकींभोवती दिलेला पीळ. काथ्याच्या सुंभाला असतो तसा. हा सुंभ स्नायूतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूला लगटून पडलेला असतो. स्नायू सैल असतो तेव्हा मायोसिनला अ‍ॅक्टिन धरता येऊ नये म्हणून तो मधली जागा अडवून बसतो. कॅल्शियम आलं की तो बाजूला सरकतो आणि स्नायू आकुंचन पावतो. ट्रोपोमायोसिनच्या सोबतीला असलेलं ट्रोपोनिन हे प्रथिन जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात शोधलं, तेव्हा ही कळ कशी फिरते ते उलगडलं.

हलणाऱ्या प्रत्येक प्राण्याला हे प्रथिन लागतं. आपल्यातही ते आहे, बोकडातही, कोंबडीतही. मग मटणाने गांधी का उठत नाहीत? कारण बोकडाचं ट्रोपोमायोसिन आपल्याशी इतकं मिळतंजुळतं आहे की आपली प्रतिकारयंत्रणा त्याला परकं मानतच नाही. कोळंबीचं ट्रोपोमायोसिन मात्र आपल्याशी सुमारे ५५ टक्केच जुळतं. कामाला तेच, आकाराला तेच, पण अंगावरची अक्षरं बऱ्याच ठिकाणी वेगळी. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी नजर असं काहीसं. परक्याला परकं म्हणायला एवढं पुरतं.

त्या सुंभाची आणखी एक खोड आहे. तो उकळला तर उलगडतो खरा, पण निवला की पुन्हा आपला पीळ घालून बसतो. दुधातली, अंड्यातली कितीतरी प्रथिनं उष्णतेने कायमची विस्कटतात. हे विस्कटत नाही. शिवाय पाण्यात सहज उतरतं. मी महाविद्यालयात प्रात्यक्षिकं घेत असताना मुलांना हे एकदा करून दाखवलं होतं. मूठभर कोळंबी सोलून, धागा काढून, दहा मिनिटं पाण्यात उकळली. कोळंबी बाजूला काढली आणि फक्त पाणी गाळून घेतलं. ते पाणी जेलवर चालवून निळ्या रंगात बुडवलं, तर बाकी पट्ट्या फिकट आणि साधारण ३४ ते ३८ किलोडाल्टनच्या दरम्यान एक ठसठशीत निळी रेघ, ट्रोपोमायोसिनची. मांस नाही, कवच नाही, नुसतं पाणी. एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे सार घेतलं तरी?" तेव्हा मला काकूंची वांगी आठवली.

अ‍ॅलर्जीच्या अभ्यासाचा इतिहास अपृष्ठवंशी प्राण्यांपासूनच सुरू होतो, हा योगायोग मला फार आवडतो. १९०१ साली मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे हे फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी प्राण्यांचं विष अभ्यासत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. त्यांना अपेक्षित होती प्रतिकारशक्ती. पण काही आठवड्यांनी तेच विष कमी प्रमाणात पुन्हा दिलं, तेव्हा कुत्रा मिनिटांत कोसळला. संरक्षण मिळण्याऐवजी उलटंच झालं, म्हणून त्यांनी या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हटलं. रिशेंना त्याबद्दल १९१३चं नोबेल मिळालं. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आपल्याकडे 'वावडं' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून होता, फक्त त्याला अर्थाची सीमा नव्हती. न सोसणारं सगळंच वावडं: पित्त, अपचन, शिळं खाणं आणि खरी अ‍ॅलर्जी, सगळं एका शब्दात.

१९२१ साली ब्रेस्लाऊ इथे हाइन्झ क्युस्टनर या मासे न सोसणाऱ्या डॉक्टरांचं रक्तद्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर तिथे गांधी उठली. दुसऱ्याचं वावडं रक्तातून उसनं घेता येतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. त्या रक्तात नेमकं काय होतं, ते कळायला आणखी ४५ वर्षं लागली. १९६६च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत, आणि पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी ते प्रतिपिंड शोधलं. आज आपण त्याला आयजीई म्हणतो. हे आयजीई मास्ट पेशींवर चिकटून बसतं आणि ओळखीचं प्रथिन येऊन दोन आयजीईंना जोडलं की पेशी हिस्टॅमिन ओकते. पुढचं आत्याच्या मानेवर दिसलं.

कोळंबीतलं ते प्रथिन कोणतं, हा शोध मात्र उशिरा लागला. १९८१ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉफमन आणि सहकाऱ्यांनी उकळूनही टिकणारा एक घटक वेगळा केला. त्याची ओळख पटवण्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाचा वाटा मोठा आहे. त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कोळंबीपासून, पिनियस इंडिकसपासून, हा घटक शुद्ध केला आणि १९९३ साली दाखवून दिलं की तो दुसरा-तिसरा कुणी नसून ट्रोपोमायोसिन आहे. त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये सॅम्युअल लेरर आणि कॅरोलिन डॉल यांचा गट मेक्सिकोच्या आखातातल्या कोळंबीवर, आणि हाँगकाँगमधला एक गट तिथल्या कोळंबीवर त्याच निष्कर्षाला पोचला. तीन समुद्र, तीन कोळंब्या, उत्तर एक. आपल्या वर्तमानपत्रांत या बंगळूरच्या कामाबद्दल मी कधी ओळभर वाचलेलं नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

अ‍ॅलर्जी देणाऱ्या प्रथिनांना नाव देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. प्रजातीच्या लॅटिन नावाची पहिली तीन अक्षरं, मग पुढच्या शब्दाचं एक अक्षर, मग क्रमांक. पिनियस अझ्टेकसचं ट्रोपोमायोसिन म्हणजे 'पेन ए १'. आत्याला जिथे त्रास झाला त्या पेणशी याचा संबंध नाही, पण मला ते वाचताना दर वेळी हसू येतं.

ट्रोपोमायोसिन हाती आल्यावर संशोधकांनी इतर प्राण्यांतलं तेच प्रथिन शेजारी ठेवून पाहायला सुरुवात केली आणि या विषयाचं खरं नाट्य तिथून सुरू झालं. कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ट्रोपोमायोसिनं एकमेकांशी ९० टक्क्यांहून अधिक जुळतात. एक बाधतं त्याला दुसरंही बहुधा बाधतं, ते यामुळेच. झुरळ आणि धुळीतले माइट यांचं ट्रोपोमायोसिन कोळंबीशी सुमारे ८० टक्के जुळतं. मृदुकायांचं ६० टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांकडे नीट पाहिलं की एक गंमत लक्षात येते. तिसऱ्या कोळंबीपासून जवळजवळ तितक्याच लांब आहेत जितके आपण. म्हणून कोळंबी न सोसणाऱ्या काहींना तिसऱ्या खुशाल सोसतात, काहींना नाही, आणि नुसता आकडा बघून ते सांगता येत नाही. किती टक्के जुळतं यापेक्षा कुठे जुळतं, याला महत्त्व आहे. आयजीई संपूर्ण सुंभ वाचत नाही. त्यावरचे ठरावीक काही तुकडेच ते पकडतं.

माइटची गोष्ट थोडी थांबून सांगतो. १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी दाखवलं की घरच्या धुळीने दमा उठतो त्याला धूळ स्वतः जबाबदार नसून तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे माइट जबाबदार आहेत. हे कोळ्यांच्या कुळातले, म्हणजेच संधिपाद. गादी, उशी, गोधडी आणि दमट हवा एवढं त्यांना पुरतं. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यातले चार महिने त्यांची चंगळ असते. हे जीव श्वासावाटे आपल्या आत जात राहतात, तर मग त्यांच्या ट्रोपोमायोसिनवर तयार झालेलं आयजीई पुढे कोळंबीलाही ओळखेल का?

या प्रश्नाला सुंदर उत्तर २००३ साली लेरर यांच्याच गटाने दिलं. त्यांनी कट्टर ज्यू धर्मीय माणसं निवडली. धर्माज्ञेमुळे ही माणसं जन्मात कधी कोळंबी-खेकडा खात नाहीत. त्यांच्यातल्या माइटची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला पकडणारं आयजीई सापडलं. कोळंबीची चवही माहीत नसताना शरीराने तिची ओळख झुरळ-माइटांकडून करून घेतली होती. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली कितीतरी घरं आहेत, धूळही मुबलक आहे. या घरांमधल्या दमेकऱ्यांचं रक्त तपासलं तर काय दिसेल, याचं मला फार कुतूहल आहे.

इथपर्यंत आलं की विषय सुबक वाटू लागतो. एक प्रथिन, एक वंशावळ, सगळं स्पष्ट. १९९०च्या दशकात बहुतेकांची हीच भूमिका होती. ट्रोपोमायोसिन हेच सर्वव्यापी अ‍ॅलर्जन, कोळंबी न सोसणाऱ्यांपैकी ८० टक्के किंवा अधिक लोक त्यालाच प्रतिक्रिया देतात, असं तेव्हाच्या प्रयोगांत दिसत होतं. पुढे निरनिराळ्या देशांतल्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं, तसं हे चित्र विस्कटत गेलं. तैवानमधून अर्जिनिन कायनेज पुढे आलं. मुलांमध्ये स्नायूतलं कॅल्शियम धरणारं एक प्रथिन महत्त्वाचं निघालं. थायलंडमध्ये गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या बाबतीत हिमोसायनिन, म्हणजे तिच्या निळसर रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक, काहींना बाधतो असं दिसलं. मायोसिनची हलकी साखळी, ट्रोपोनिन सी अशी यादी वाढतच गेली. गोगलगाय खाणाऱ्या माणसांच्या माइटशी असलेल्या गुंत्यात तर ट्रोपोमायोसिनचा हात कधी कधी सापडतच नाही.

म्हणून आज या क्षेत्रात एक गट म्हणतो, ट्रोपोमायोसिन हीच किल्ली, बाकी किरकोळ. दुसरा म्हणतो, माणूस कुठे राहतो, काय खातो, कोणत्या धुळीत श्वास घेतो, वय काय, यावर त्याचं प्रथिन ठरतं. तिसरा गट दवाखान्यातल्या डॉक्टरांचा. त्यांना दोन्ही वाद अर्धवट वाटतात, कारण त्यांच्या समोर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न पडलेला असतो: खाऊ का नको? माझा कल कुणीकडे, असं कुणी विचारलं तर दुसऱ्या गटाकडे, पण झुकताना एक डोळा तिसऱ्यावर ठेवून.

त्याचं कारण असं की रक्तात आयजीई सापडणं आणि ताटात त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात बंगळूर आणि म्हैसूर इथल्या प्रौढांची युरोपीय सहकार्याने एक मोठी पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या अन्नांना आयजीई असलेले लोक सुमारे २६ टक्के निघाले. खरोखर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असलेले एक टक्क्याच्या आसपास. मधल्या सगळ्यांचा अहवाल पॉझिटिव्ह, पण जेवण सुखरूप. माइटच्या अ‍ॅलर्जीमुळे कोळंबीची चाचणी पॉझिटिव्ह आलेला आणि रोज कोळंबीभात खाणारा माणूस मुंबईत शोधायला फार लांब जावं लागणार नाही. अशा माणसाला तो अहवाल बघून कोळंबी बंद करायला सांगणं म्हणजे आत्याचं पापलेट बंद करण्यासारखंच. रक्ताची चाचणी, त्वचेवरची चाचणी, घटकाघटकाची चाचणी या सगळ्यांना महत्त्व आहे. अंतिम शब्द मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हाताशी अ‍ॅड्रेनलिन ठेवून, थोडं थोडं खाऊन पाहण्याच्या चाचणीचा. हे घरी करून पाहण्यासारखं नाही, हे प्रस्तावनेतच ठळक सांगितलेलं बरं.

उलट बाजूने फसवणारीही एक गोष्ट आहे. बांगडा किंवा सुरमई थोडा वेळ उन्हात राहिली की तिच्यात जंतूंमुळे हिस्टॅमिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. ते खाऊन अंग लाल होतं, डोकं ठणकतं, खाज सुटते, हुबेहूब अ‍ॅलर्जी. ती अ‍ॅलर्जी नसते, ती शिळ्या माशाची बाधा असते. अशा एका दुपारनंतर जन्मभर बांगडा सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

हे सगळं आत्ता लिहायची निकड काय? एक कारण दमट आणि वाफेच्या कारखान्यांत आहे. १९८४ साली कॅनडातल्या मॅग्डलेन बेटांवर खेकडे उकळून सोलणाऱ्या ३०३ कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यातल्या सुमारे १५ टक्क्यांना कामामुळे दमा जडलेला आढळला. त्यांनी खेकडा खाल्ला नव्हता, त्याची वाफ श्वासात घेतली होती. आपल्याकडे २००९ नंतर व्हेनामी कोळंबीची शेती फोफावली, आंध्र प्रदेश तिचं केंद्र झालं आणि भारत जगातला एक मोठा निर्यातदार बनला. सोलायच्या, उकळायच्या, पॅक करायच्या कामावर बहुतांश बायका. त्या या पुस्तकात एका प्रकरणापुरत्या येतात, पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी पाहिला गेलेला भाग त्यांच्याच फुप्फुसात आहे.

दुसरं कारण पाकिटांवर आहे. युरोपीय संघाने २०२१ साली मीलवर्म नावाची, एका भुंग्याची वाळवलेली अळी खाद्य म्हणून मंजूर केली, मग नाकतोडे, मग रातकिडे आले. प्रथिनं स्वस्तात मिळतील, पर्यावरण वाचेल, हे सगळं ठीक. पण ही मंडळी कोळंबीची सख्खी चुलत भावंडं. नेदरलँड्समध्ये कोळंबी न सोसणाऱ्या रुग्णांना देखरेखीखाली मीलवर्म खायला दिलं तेव्हा बहुतेकांना त्रास झाला. म्हणून युरोपात त्या पाकिटांवर कवचधारी आणि माइट यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी इशारा छापावा लागतो. अमेरिकेच्या २००४च्या कायद्यात फक्त कवचधारी आहेत, शिंपले-माकूळ नाहीत. आपल्याकडच्या २०२०च्या लेबलिंग नियमांतही कवचधारी आहेत, मृदुकाय नाहीत. युरोपने ते २००६ साली घेतले. शिंपल्यांचा सॉस घातलेल्या नूडल्सच्या पाकिटावर मराठी माणसाने काय वाचावं, याचं उत्तर या फरकात आहे.

आणि तिसरं कारण अगदी घरगुती. सीटी स्कॅनच्या आधी अजूनही कित्येक ठिकाणी विचारतात, "सीफूडची अ‍ॅलर्जी आहे का?" आत्यालाही विचारलं. तिने हो म्हटल्यावर तिचा स्कॅन दोन दिवस पुढे ढकलला गेला. समजूत अशी की सागरी अन्नात आयोडीन असतं, स्कॅनच्या औषधातही असतं, म्हणून धोका. १९७०च्या दशकातल्या एका पाहणीत औषधाने त्रास झालेल्यांपैकी काहींना कवचधाऱ्यांचीही अ‍ॅलर्जी होती, आणि ते वाचणाऱ्यांनी त्याच यादीतलं दूध आणि अंडं सोडून दिलं. आयोडीन आपल्या थायरॉइडमध्ये असतं, रोजच्या मिठात असतं. त्याची अशी अ‍ॅलर्जी असती तर आत्या वरणभातही खाऊ शकली नसती.

हे पुस्तक कुणासाठी आहे, हे ठरवताना मी बराच घोळ घातला. आधी वाटलं, जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहावं. मग आत्याच्या सांगण्यावरून काकूंसाठीही लिहायचं ठरवलं. परिणामी पुस्तकाला दोन तोंडं आहेत. एका बाजूला प्रथिनांचा पीळ, आयजीईची पकड, जनुकांची वंशावळ. दुसऱ्या बाजूला सोडे, जवळा, करंदी, सुकट यांच्या बरण्या, खानावळीतलं एकाच कढईतलं तेल, ज्यात बोंबील आणि कोळंबी एकापाठोपाठ एक तळली जातात. दोन्ही बाजू एकमेकींना समजावून सांगतील, अशी आशा आहे. जिथे संशोधकांत अजून वाद आहेत तिथे मी वाद मिटल्याचं दाखवलेलं नाही. पथ्याचा तक्ता शोधणाऱ्यांची निराशा होईल, कारण तक्ता मुद्दाम दिलेला नाही. त्याऐवजी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, कोणत्या चाचणीचा अर्थ काय आणि कोणत्याचा नाही, यावर जास्त पानं खर्च केली आहेत. उपचारांबद्दल लिहिताना हात आखडता घेतला आहे. मूळ सुंभ तसाच ठेवून आयजीई पकडतं तेवढी अक्षरं बदललेलं, निरुपद्रवी ट्रोपोमायोसिन तयार करून त्याने शरीराला सवय लावण्याचे प्रयोग हाँगकाँगसह काही ठिकाणी चालू आहेत. ते उमेद देणारे आहेत, पण दवाखान्यात अजून पोचलेले नाहीत.

परिभाषेबद्दल एक शब्द. अ‍ॅलर्जी, माइट, ट्रोपोमायोसिन हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण रुग्णाला अहवालात तेच वाचायचे असतात. प्रतिपिंड, संधिपाद, मृदुकाय हे शाळेतून परिचित आहेत म्हणून वापरले. 'वावडं' हा शब्द मात्र मी सोडला नाही. त्याची व्याप्ती फार मोठी आहे, तरी कुटुंबात कुणाला कशाचं काय होतं हे त्याच शब्दातून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. फक्त 'मासळीचं वावडं' असं न म्हणता नेमकं कशाचं, एवढं पुढे विचारावं.

अकरा वर्षांनी आत्याची रीतसर तपासणी झाली. माशांच्या चाचण्या स्वच्छ आल्या, कोळंबी आणि माइट दोन्ही ठळक पॉझिटिव्ह. पावसाळ्यात तिला लागणारी धाप कशाची, तेही त्यातून उमगलं. रुग्णालयात डॉक्टरांसमोर तिला पापलेट थोडं थोडं खाऊ घालण्यात आलं आणि काहीच झालं नाही. त्या रविवारी काकूंनी स्वतःच्या हातचं तळलेलं पापलेट पाठवलं, डब्यावर चिठ्ठी चिकटवून: वेगळा तवा, नवं तेल. जेवता जेवता आत्याने मला विचारलं, "आणि तिसऱ्या रे?" पुस्तकाचं हस्तलिखित तेव्हा समोरच पडलं होतं, त्यात मृदुकायांवर चाळीस पानं होती, पण तिच्यापुरतं उत्तर त्यांत नव्हतं. तिसऱ्यांच्या चाचणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.